हाडांसाठी हार्मोन: कोणाला, केव्हा आणि त्यानंतर काय

हाडे ठिसूळ होण्याच्या आजारावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या औषधांविषयी आमच्या किनारपट्टीवर दोन टोकांची मते ऐकू येतात. हार्मोन म्हणजे कॅन्सर असे मनाशी धरून डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून परत नेणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिले होते एवढ्या आधारावर तीच गोळी वर्षानुवर्षे घेत राहणाऱ्याही आहेत. सिंधुदुर्गातल्या एका बंदराच्या गावात मी औषधांचे दुकान चालवते. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण ही औषधे हाताळताना आणि त्यांच्याविषयी वाचताना माझे एक मत पक्के झाले आहे. या औषधांचा गुण किंवा दोष ते औषध कोणत्या वयात सुरू झाले, कोणाच्या शरीरात गेले आणि थांबवल्यावर पुढे काय दिले गेले, यांवर बहुतांशी ठरतो. नेमक्या याच तीन गोष्टींची चौकशी आमच्याकडे सर्वांत कमी होते.

हाड एकदा तयार झाले की तसेच राहते, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात जुन्या चिरेबंदी घराची डागडुजी चालावी तसे हाडाचे काम आयुष्यभर चालू असते: ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुना भाग उकरून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथे नवे हाड भरतात. उकरणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे काम स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन करते. उकरणाऱ्या पेशी ज्या रासायनिक संदेशाने तयार होतात आणि कामाला लागतात, तो संदेश इस्ट्रोजेन दाबून ठेवते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, तो आवर सुटतो, आणि पुढच्या पाच ते सात वर्षांत काही स्त्रिया आपल्या हाडांच्या घनतेचा पाचवा हिस्सा गमावतात. त्या काळात काहीच दुखत नाही. दुखते ते नंतर, मनगट मोडल्यावर, पाठीचा मणका आपोआप दबल्यावर किंवा खुब्याचे हाड तुटल्यावर. पाळी जाणे आणि हाडे ठिसूळ होणे यांचा हा संबंध फुलर ऑलब्राइट या अमेरिकन वैद्याने १९४० च्या सुमारास स्पष्टपणे मांडला आणि इस्ट्रोजेन देऊन उपचाराची वाटही दाखवली. म्हणजे हाडांसाठी हार्मोन ही कल्पना ऐंशी वर्षांहून जुनी आहे.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा सुमारे चार वर्षे आधी. तेवढी वर्षे हाडांवरचे छत्र आधीच नाहीसे होते. मला मात्र या सरासरीपेक्षा अधिक काळजी वाटते ती ज्यांची पिशवी शस्त्रक्रियेने काढली आहे, अशा स्त्रियांची. आमच्या भागात चाळिशीच्या आत-बाहेर गर्भाशय काढून टाकलेल्या बायका वाडीवाडीत भेटतात. अंगावर जास्त जाते, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल अशी भीती आहे, अशी कारणे सांगितली जातात, आणि घरात कामाला माणूस हवे म्हणून बाईही लवकर तयार होते. ‘पिशवीच काढल्यानी, सुटलंय एकदाची,’ असे एका वैनीने मला समाधानाने सांगितले होते. तिला मी विचारले की गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले का. ते तिला ठाऊक नव्हते. तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हते.

हाडांच्या दृष्टीने हा प्रश्न फार मोलाचा आहे. इस्ट्रोजेन गर्भाशयात तयार होत नाही, अंडाशयात होते. केवळ गर्भाशय काढले आणि अंडाशय राहू दिले, तर पाळी थांबते पण हार्मोन बराच काळ मिळत राहते, जरी ते काहीसे लवकर आटण्याची शक्यता असते. दोन्ही अंडाशय काढले तर मात्र जे एरवी काही वर्षांत हळूहळू घडते ते एका दिवसात घडते, आणि ती बाई अडतीस वर्षांची असेल तर तिची हाडे पुढची दहा-बारा वर्षे इस्ट्रोजेनवाचून राहतात. पंचेचाळीसच्या आत ज्यांचे अंडाशय गेले, त्यांना स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी यांसारखी आड येणारी गोष्ट नसल्यास, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन द्यावे, असेच तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण तिथे आपण वरून काही जादा देत नसतो, शरीरात असायला हवे होते ते परत देत असतो. ज्यांना या औषधाचा लाभ सर्वांत अधिक आणि धोका सर्वांत कमी, त्याच स्त्रियांना आमच्याकडे त्याविषयी कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून दुःख होते. शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना त्यांना लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, जड न उचलण्याचा सल्ला मिळतो, आणि विषय संपतो.

मग एवढी भीती आली कुठून? ती आली जुलै २००२ मध्ये. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतल्या प्रचंड अभ्यासात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनचे कृत्रिम रूप) यांची एकत्र गोळी किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली होती. तो भाग ठरल्या मुदतीआधी थांबवावा लागला, कारण अपाय लाभाहून अधिक दिसू लागले. ते आकडे भीतीपोटी न वाचले जाता शांतपणे वाचले जावेत, म्हणून येथे देते. दहा हजार स्त्रियांनी एक वर्ष ती गोळी घेतली तर त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे आठ, हृदयविकाराचे सात, पक्षाघाताचे आठ आणि फुप्फुसात गुठळी अडकण्याचे आठ प्रसंग अधिक घडले. खुब्याचे अस्थिभंग पाच आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग सहा कमी झाले. खुब्याच्या अस्थिभंगात झालेली ही घट सुमारे एक तृतीयांश होती. म्हणजे हाडे मजबूत राहतात हे त्याच अभ्यासाने सिद्ध केले, पण बातमीत ते मागे पडले.

त्या बातम्यांत आणखी दोन गोष्टी मागे पडल्या. त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटून गेले होते. आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन देणाऱ्या दुसऱ्या भागात, जो पक्षाघाताचे प्रमाण वाढल्यामुळे २००४ मध्ये थांबवला गेला, स्तनाचा कर्करोग वाढलेला आढळला नाही. त्यानंतरच्या विश्लेषणांतून वैद्यकाने काढलेला निष्कर्ष असा की साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलेले हार्मोन बहुतेक निरोगी स्त्रियांना लाभाचे ठरू शकते, विशेषतः जिला अंगातून वाफा येणे, घामाने जाग येणे असा त्रास आहे आणि शिवाय हाडांचाही धोका आहे तिला. साठीनंतर केवळ हाडांसाठी ते प्रथमच सुरू करणे सहसा योग्य मानले जात नाही. त्या वयासाठी दुसरी औषधे आहेत. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, नाहीतर गर्भाशयाच्या आतल्या थराचा कर्करोग होऊ शकतो. इस्ट्रोजेनचे त्वचेला लावायचे जेलही मिळते, आणि त्यातून गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असल्याचे दिसले आहे. मात्र औषध बंद केले की त्याचे संरक्षणही ओसरते, आणि हाडे पुन्हा झिजू लागतात.

रॅलॉक्सिफिन हे औषध या भीतीला दिलेले एक चांगले उत्तर होते. ते स्वतः हार्मोन नाही; पेशींवरच्या ज्या जागांवर (रिसेप्टर) इस्ट्रोजेन जाऊन बसते त्यांच्यावरच ते बसते, पण हाडात इस्ट्रोजेनसारखे वागते आणि स्तनात व गर्भाशयात त्याला अडवते. रोज साठ मिलिग्रॅमची एक गोळी, जेवणाआधी की नंतर याचे बंधन नाही. मणक्यांचे अस्थिभंग ते तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी करते आणि स्तनाच्या आक्रमक कर्करोगाचा धोकाही घटवते, म्हणून घरात आई किंवा बहिणीला तो आजार झालेल्या स्त्रीसाठी डॉक्टर त्याचा विचार करतात. खुब्याच्या हाडाला मात्र त्याचा लाभ सिद्ध झालेला नाही, अंगातून येणाऱ्या वाफा त्याने वाढू शकतात, पायात गोळे येतात, आणि शिरांत गुठळी होण्याचा धोका इस्ट्रोजेनप्रमाणेच राहतो. यासाठी मी प्रत्येक बाईला सांगते की मुंबईला रातराणीने जाणार असाल तर बसल्या जागी रात्र काढू नका, गाडी थांबेल तिथे उतरून चाला. आणि एखाद्या शस्त्रक्रियेमुळे बरेच दिवस अंथरुणावर राहावे लागणार असेल, तर ही गोळी निदान बहात्तर तास आधी थांबवण्याविषयी डॉक्टरांना विचारा. पूर्वी कधी पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल तर हे औषध घ्यायचेच नाही.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आशाताई ज्या ‘छाया’ गोळ्या आठवड्याच्या हिशेबाने वाटतात, त्यांतले ऑर्मेलॉक्सिफिन याच कुळातले आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ते तयार झाले आणि आधी ‘सहेली’ या नावाने बाजारात आले. ते गर्भनिरोधक आहे, हाडांचे औषध म्हणून ते कोणी घेऊ नये. पण आपल्या देशातल्या प्रयोगशाळेने या कुळातले औषध जगाच्या बरोबरीने घडवले, याचा मला अभिमान वाटतो.

टिबोलोन नावाची, शरीरात हार्मोनसारखे काम करणारी गोळीही काही जणींच्या चिठ्ठीत दिसते. तिने मणक्यांचे अस्थिभंग जवळजवळ निम्म्याने घटवले, पण साठ ते पंच्याऐंशी वयाच्या स्त्रियांवरील मोठ्या अभ्यासात पक्षाघाताचे प्रमाण दुप्पट झाल्याने तो अभ्यास २००६ मध्ये थांबवला गेला. रक्तदाबाचा त्रास असलेल्या वयस्क स्त्रीने ही गोळी घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी नीट बोलावे, एवढेच मी म्हणेन.

कॅल्सिटोनिनची कथा आम्हा मासेखाऊ लोकांना जवळची वाटते. हे हार्मोन उकरणाऱ्या पेशींना थेट थोपवते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हॅरोल्ड कॉप यांनी कॅनडात त्याचा शोध लावला, आणि माणसाच्या कॅल्सिटोनिनपेक्षा सामन माशाचे कॅल्सिटोनिन माणसाच्याच शरीरात अनेक पटींनी प्रभावी ठरते असे दिसून आले. आज ते माशातून काढत नाहीत, प्रयोगशाळेत बनवतात. नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात ते अनेक वर्षे वापरात होते, आणि नुकत्याच दबलेल्या मणक्याचे असह्य दुखणे ते कमी करते हा त्याचा खरा गुण होता. अस्थिभंग टाळण्याचा पुरावा मात्र दुबळा राहिला, आणि दीर्घकाळ वापरणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण थोडे अधिक आढळल्यावर २०१२ मध्ये युरोपीय औषध नियामकाने ऑस्टिओपोरोसिससाठी त्याचा वापर थांबवण्याची शिफारस केली. कोणाच्या घरी जुन्या चिठ्ठीवर हा फवारा अजून चालू असेल, तर त्या चिठ्ठीची फेरतपासणी व्हायला हवी.

पुरुषांविषयी कोणी विचारतच नाही. पुरुषाच्या हाडांनाही टेस्टोस्टेरॉन आणि त्यातूनच तयार होणारे इस्ट्रोजेन लागते. प्रोस्टेटच्या कर्करोगावर टेस्टोस्टेरॉन दाबून टाकणारी इंजेक्शने दिली जातात तेव्हा त्या रुग्णांची हाडे पाळी गेलेल्या स्त्रीपेक्षाही वेगाने झिजू शकतात, आणि अशा रुग्णाच्या हाडांची तपासणी उपचाराच्या सुरुवातीलाच व्हायला हवी. त्यांना अर्थातच टेस्टोस्टेरॉन देता येत नाही. ते फक्त ज्यांच्या शरीरात ते मुळातच कमी असल्याचे सिद्ध झाले आहे त्यांच्यासाठी.

हार्मोनच हाडे मोडते असेही घडते. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे ही एका नैसर्गिक हार्मोनचीच रूपे आहेत. दमा, संधिवात यांसाठी ती अनेकदा जीव वाचवतात, पण सलग तीन महिने किंवा त्याहून अधिक घेतली तर हाड भरणाऱ्या पेशी मंदावतात. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मनाने अचानक बंद करणे धोक्याचे असते, हे मी आधी सांगते. माझा राग आहे तो बाजाराच्या दिवशी गुडघेदुखीवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांवर. दोन दिवसांत दुखणे जादूने थांबवणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि शेतात, होडीवर, काजूच्या बागेत राबणारी माणसे ती वर्ष-वर्ष खातात. गुडघा बरा वाटतो आणि मणका आतून पोखरला जातो.

आता टेरिपॅराटाइड. वर सांगितलेली औषधे मुख्यतः उकरणे कमी करतात. हे औषध नवे हाड बांधते. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनमध्ये ८४ अमिनो आम्ले असतात, त्यांतल्या पहिल्या ३४ चा हा तुकडा आहे. यातले नवल असे की हेच हार्मोन रक्तात सतत वाढलेले राहिले तर हाडे झिजवते, आणि दिवसातून एकदा थोडा वेळ चढून उतरले तर हाड भरणाऱ्या पेशींना जागे करते. म्हणून ते रोज एकदा, वीस मायक्रोग्रॅम, मांडीवर किंवा पोटावर त्वचेखाली टोचून घ्यायचे असते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,६३७ स्त्रियांवरील अभ्यासात मणक्यांचे नवे अस्थिभंग पासष्ट टक्क्यांनी आणि इतर हाडांचे त्रेपन्न टक्क्यांनी कमी झाले. २००२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. उंदरांना मोठ्या मात्रेत दिल्यावर हाडाचा कर्करोग आढळला होता म्हणून त्याच्या वेष्टनावर कडक इशारा असे. वर्षानुवर्षांच्या वापरात माणसांत तसे दिसले नाही, आणि २०२० मध्ये अमेरिकेने तो इशारा काढला. तरीही पूर्वी हाडांवर किरणोपचार झालेले, रक्तात कॅल्शियम वाढलेले किंवा हाडांत कर्करोग पसरलेले रुग्ण यांना ते देत नाहीत.

ज्यांचे मणके आधीच दबले आहेत किंवा स्टेरॉइडमुळे हाडे फार खालावली आहेत, त्यांच्यासाठी हे औषध मोठा आधार आहे. भारतात बनवलेली पेने, म्हणजे औषध भरलेली पेनाच्या आकाराची इंजेक्शने, मिळू लागल्यापासून किंमत उतरली, पण महिन्याचा खर्च अजून हजारांतच आहे, आणि उपचाराच्या पूर्ण दोन वर्षांचा हिशेब ऐकून पुष्कळ घरे गप्प होतात. ज्यांना ते परवडते त्यांची आमच्याकडची अडचण विजेची असते. पेन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि एकदा सुरू केले की अठ्ठावीस दिवसांनी, आत औषध उरले तरी, टाकून द्यावे लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि पावसाळ्यात लहान खंड तर नेहमीचे. अशा वेळी बंदरावरचा बर्फ उपयोगी पडतो, मात्र पेन बर्फात पुरायचे नाही, कारण गोठलेले औषध निकामी होते आणि पुन्हा वितळवून वापरता येत नाही. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाची बंद पिशवी, तिच्यावर जाड कापड आणि त्यावर पेन, अशी मांडणी मी सांगते. फ्रीजमध्येही ते बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नये. पहिल्या काही दिवसांत टोचल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून सुई बसून घ्यावी आणि लगेच उठून शेवाळलेल्या पायऱ्यांवरून विहिरीकडे जाऊ नये.

या औषधाबरोबर शरीरात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसे हवे. हे जीवनसत्त्वही यकृत आणि मूत्रपिंडात बदलून शेवटी हार्मोनच बनते, आणि एवढे ऊन असलेल्या आमच्या प्रदेशातही ते कमी असलेल्या स्त्रिया सर्रास आढळतात. नाचणीची भाकरी, काट्यासकट खाल्लेली तारली आणि सुकी मासळी यांतून कॅल्शियम चांगले मिळते. मात्र मणका मोडून गेल्यावर केवळ आहाराने भागत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते टेरिपॅराटाइड संपल्यावर. दोन वर्षे पूर्ण होतात, पाठीचे दुखणे थांबलेले असते, बाई पुन्हा अंगणात उभी राहून काम करते, आणि घरातल्या सर्वांना वाटते की उपचार पुरा झाला. बांधलेले हाड त्यानंतर टिकवावे लागते, नाहीतर एक-दोन वर्षांत त्याचा मोठा भाग निघून जातो. त्यासाठी अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक आम्ल किंवा सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब यांपैकी काहीतरी लगेच सुरू करतात. ही औषधे हार्मोन नाहीत. क्रमही उलटा चालत नाही: डेनोसुमॅब आधी देऊन ते थांबवून टेरिपॅराटाइड सुरू केले तर काही काळ हाडे घटतात, विशेषतः खुब्याची. एका आजींचे टेरिपॅराटाइड चालू असतानाच मी त्यांच्या मुंबईच्या मुलाला फोनवर विचारले की शेवटचे पेन संपल्यावर कोणते औषध घ्यायचे ते ठरले आहे का. त्याने डॉक्टरांची वेळ घेतली. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आमच्या तालुक्यात होत नसल्यामुळे आजींना मुंबईला नेले, तिथल्या डॉक्टरांनी झोलेड्रॉनिक आम्लाची तारीख शेवटच्या पेनाला जोडूनच दिली, आणि ती तारीख मी दुकानाच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहून ठेवली आहे.